परदेशी बालशिक्षण पाहताना आधी माणसे मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस जवळ आले की ‘फिनलंड पद्धती’, ‘रेजिओ पद्धती’, ‘जपानी संस्कार’ अशा जाहिराती शहरोशहरी झळकू लागतात. अधिकारी आणि संस्थाचालक अभ्यासदौऱ्यावर जाऊन येतात आणि तिथल्या वर्गांची छायाचित्रे दाखवतात: बुटकी कपाटे, लाकडी ठोकळे, भिंतीभर लावलेली चित्रे. परदेशातून शिकू नये असे कोणीच म्हणणार नाही. मात्र छायाचित्रात जे येते तेवढेच उचलून आणले जाते, आणि ज्याच्या बळावर ते वर्ग चालतात ते तिथेच राहते. पूर्वप्राथमिक शिक्षिका आणि अंगणवाडी सेविका यांच्या प्रशिक्षणाचे काम आम्ही करतो. त्या कामातून जे कळते ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हे लांबलचक पत्र.

सुरुवात फिनलंडपासूनच करू, कारण सगळ्यांच्या तोंडी तेच नाव असते. तिथे तीन वर्षांवरच्या दर सात मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती असावी लागते. पूर्वी हे प्रमाण आठाला एक होते, 2020 मध्ये ते सातावर आणले. तिनाच्या आतल्या मुलांसाठी चाराला एक. एका गटात तीन मोठ्या माणसांना झेपतील त्याहून जास्त मुले ठेवता येत नाहीत, म्हणजे फार तर एकवीस. शिक्षिकेच्या आठवड्याच्या कामातला साधारण आठवा हिस्सा, म्हणजे जवळपास पाच तास, वर्गाबाहेर बसून आखणी करायला आणि मुलांच्या नोंदी पाहायला राखलेला असतो. प्रत्येक मुलाची स्वतंत्र योजना पालकांबरोबर बसून लिहिली जाते. जेवताना शिक्षिका त्याच टेबलाशी बसून तेच अन्न जेवते आणि ते तिच्या कामाचाच भाग समजले जाते. आता आपल्याकडची ‘फिनलंड पद्धती’ची नर्सरी पाहा. तीस मुले, एक शिक्षिका, एक मावशी. तिथून आणलेले काय, तर फर्निचर आणि गणवेशाला दिलेली सुट्टी. सातामागे एक माणूस असताना ‘मुलाला त्याच्या गतीने जाऊ द्या’ हे वाक्य खरे करता येते. तिसामागे एक असताना त्याच वाक्याचा अर्थ मुलाकडे लक्ष नाही असा होऊन बसतो.

फिनलंडबद्दल आणखी एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे: सात वर्षांपर्यंत तिथे काही शिकवतच नाहीत. शाळा सातव्या वर्षी सुरू होते हे खरे. पण त्याआधीचे एक वर्ष, सहाव्या वर्षीचे, 2015 पासून सक्तीचे आहे आणि त्यात वर्षाला किमान 700 तास काम चालते. त्यात आवाज ओळखणे, यमक जुळवणे, शब्दाचे तुकडे पाडणे, मोजणे, गोष्ट सांगणे हे सगळे आखून होते. वाचता आलेच पाहिजे अशी सक्ती मात्र नसते. तिथे उशिरा सुरुवात करून निभावते याचे एक कारण त्या भाषेच्या लिपीत आहे. फिनिशमध्ये अक्षरे मोजकी आणि जवळजवळ प्रत्येक अक्षराचा एकच ठरलेला उच्चार, त्यामुळे पहिलीतले मूल काही महिन्यांत वाचू लागते. मराठीही लिहितो तशीच बहुतांशी वाचतो, पण काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरली तर मुलाला शेकडो आकार ओळखीचे करून घ्यावे लागतात. त्याला वेळ जास्त लागतो आणि ऐकून आवाज ओळखण्याची तयारी आधीपासून हवी. इंग्रजीत तर स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळच नाही. तेव्हा इंग्रजी माध्यमाच्या शाळेने फिनलंडचा दाखला देऊन एकीकडे ‘आम्ही काही शिकवत नाही’ म्हणायचे आणि दुसरीकडे पहिलीच्या पहिल्या महिन्यात श्रुतलेखन घ्यायचे, यात मुलाचे हाल होतात. ‘लवकर की उशिरा’ यावर वाद घालण्यापेक्षा तीन ते सहा या वयात रोज गाणी, बडबडगीते, ‘क ने सुरू होणारी वस्तू आण’ यासारखे खेळ आणि मोठ्याने वाचलेली एक गोष्ट एवढे नेमाने झाले, तर पुढचा निम्मा भार हलका होतो. हातात पेन्सिल देऊन ओळीच्या ओळी गिरवून घेण्याची घाई तिथेही नाही आणि इथेही करण्याचे कारण नाही. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली बरीच हाडे अजून मऊ कूर्चाच असतात.

इटलीतल्या रेजिओ एमिलिया या शहराची गोष्ट थोडक्यात सांगतो. 1945 च्या वसंतात, युद्ध संपता संपता, तिथल्या चेल्ला गावच्या लोकांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक सायकलवरून ते पाहायला गेला आणि त्याच कामाचा झाला. पालिकेची पहिली बालशाळा 1963 ची. आजही या शाळांमागे शहराच्या अंदाजपत्रकातला पैसा असतो, प्रत्येक वर्गाला दोन समान दर्जाच्या शिक्षिका असतात, कलेची पार्श्वभूमी असलेली तिसरी व्यक्ती शाळेच्या चित्रशाळेत असते आणि स्वयंपाकघर मुलांना दिसेल अशा जागी असते. आपल्याकडे यातले काय आले? आतून उजेड येणारे काचेचे टेबल आणि भिंतीवरचे फलक. तिथला फलक हा शिक्षिकांनी एकत्र बसून ‘हे मूल इथे काय विचार करत होते’ यावर केलेल्या चर्चेचा कच्चा माल असतो. इथे तो पालकसभेच्या आदल्या दिवशी सजवला जातो. रेजिओकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर बिनखर्चाची ही घ्या: मुलांना एकाच वस्तूचे चित्र पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा काढू द्या. विहिरीचा रहाट, शेजारची पिठाची गिरणी, वर्गातली कुंडी, काहीही चालेल. प्रत्येक वेळी आधी ती वस्तू जवळून पाहायची, हात लावायचा, चित्र काढून झाल्यावर बोलायचे. तिन्ही चित्रांवर तारीख घालून ती शेजारीशेजारी ठेवा. मुलाच्या पाहण्यात काय भर पडली हे कोणाही आईबापाला वाचता येईल.

परदेशी विचार कसा घ्यावा याचा धडा महाराष्ट्राला दुसरीकडे शोधायला नको. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींचे पहिले बालगृह 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेंझो या कामगारवस्तीत उघडले. ते गरिबांच्या मुलांसाठी होते. पुढे त्यांचे साहित्य ठरावीक मापाचे, ठरावीक कारखान्यातले आणि महाग होत गेले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका या बालशिक्षणतज्ज्ञांनी भावनगरला या पद्धतीवर काम केले, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि 1945 मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघरमध्ये, बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी मॉन्टेसरींच्या साहित्यामागचा हेतू तेवढा ठेवला. मूल हाताने वर्गीकरण करते, चढत्या-उतरत्या क्रमाने लावते, चूक स्वतः ओळखते, हा तो हेतू. साहित्य मात्र शिंपले, बिया, खडे, पाने, माती. वारली पाड्यावरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आज देशभर जी अंगणवाडी आहे तिचे बीज तिथले. पद्धतीतले काय सोडले तर चालते आणि काय सोडले तर ती पद्धतच उरत नाही, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. अभ्यासदौऱ्यावर जाणाऱ्याच्या वहीत पहिल्या पानावर हाच प्रश्न असावा.

याच कसोटीवर पाहिले तर आपल्या अंगणवाडीला फिनलंडपेक्षा जपान जास्त कामाचा आहे, कारण जपानी शिक्षिका मोठा गट सांभाळते. तिथल्या पाळणाघरवजा बालशाळांत चार-पाच वर्षांच्या तीस मुलांना एक शिक्षिका हे प्रमाण 1948 पासून चालत आले होते. 2024 मध्ये ते पंचविसाला एक झाले, तीन वर्षांच्या मुलांसाठी विसाऐवजी पंधराला एक. तिथल्या लोकांनी हा भार कमी व्हावा म्हणून वर्षानुवर्षे मागणी केली होती, तेव्हा मोठ्या वर्गांचे समर्थन करायला जपानचे नाव कोणी घेऊ नये. पण आज आपल्या सेविकेसमोर पंचवीस-तीस मुले आहेतच, मदतनीस स्वयंपाकात आहे, आणि तिला उद्या सकाळी दार उघडायचे आहे. तिला उपयोगी पडेल असे जपानकडे बरेच आहे.

पहिली गोष्ट पाळीची. तिथे रोज काही मुले त्या दिवसाची कारभारी असतात, बिल्ला लावून. जेवणाची सुरुवात ती जाहीर करतात, वाटप करतात, सगळ्यांना गोळा करतात. पाळी ठरलेल्या क्रमाने फिरते, त्यामुळे लाजरे, धीट, हळू, चपळ असे प्रत्येक मूल पुढे येते. हे आपल्याकडे असे बसवता येते. पंचवीस मुलांचे पाचपाचचे पाच गट करा, प्रत्येक गटात तीन ते सहा या सगळ्या वयांची मुले हवीत. गटाला एक चित्र द्या: आंबा, चिमणी, मासा, कमळ, बैल. कामे पाच: सतरंज्या अंथरणे, हजेरीची चित्रे लावणे, हात धुताना पाणी ओतणे, ताटल्या वाटणे, खेळणी मोजून टोपलीत ठेवणे. सोमवारी एक गट, मंगळवारी दुसरा, असे शुक्रवारपर्यंत. शनिवारी सगळे मिळून आवराआवर. पुढच्या आठवड्यात गटातली कामे एकेक पुढे सरकवा. पाच आठवड्यांत प्रत्येक मुलाच्या हातून प्रत्येक काम होते.

हे बिघडते कुठे? पहिल्याच दिवशी पाचही कामे सुरू केली की गोंधळ उडतो. पहिले दोन-तीन आठवडे फक्त सतरंज्या आणि ताटल्या ठेवा. वेळेची घाई झाली की सेविका दोन ‘हुशार’ मुलींना हाक मारते आणि पाळी मोडते. एकदा मोडली की मुलांचा विश्वास उडतो. मुलाने वाकडी अंथरलेली सतरंजी त्याच्या देखत मोठ्या माणसाने सरळ केली की दुसऱ्या दिवशी ते मूल हात लावत नाही. वाकडी असली तरी बसता येते, राहू द्या. आणि पाणी. एका बादलीवर एका मगाने पंचवीस मुलांचे हात धुवायचे तर प्रत्येकी 40 सेकंद धरले तरी सोळा-सतरा मिनिटे जातात. रांगेतली ढकलाढकली, रडणे, ओल्या फरशीवर घसरणे हे सगळे त्या सोळा मिनिटांत होते. तीन जणांना एकदम धुता येतील अशा तोट्या किंवा तळाला भोक पाडलेल्या तीन बाटल्या टांगल्या की तेच काम सहा मिनिटांत उरकते. वर्ग सांभाळण्याचे कौशल्य म्हणून जे सांगितले जाते त्यातला मोठा भाग हा असा बाटल्या कुठे टांगायच्या, चपला कुठे ठेवायच्या याचा असतो. जपानी शाळेत प्रत्येक मुलाच्या बुटांचा कप्पा ठरलेला असतो, त्यावर त्याचे चित्र असते. आपण भिंतीलगत खडूने किंवा रंगाने पावलांच्या जोड्या काढल्या तरी चपलांचा ढीग होत नाही.

दुसरी गोष्ट भांडणाची. दोन मुले एका बाहुलीवरून ओढाताण करू लागली की आपली शिक्षिका पाच सेकंदांत पोचते, बाहुली काढून घेते, ‘सॉरी म्हण’ म्हणते. मूल ‘सॉरी’ म्हणते आणि पाठ वळताच पुन्हा ओढते. जपानी शिक्षिका पुष्कळदा थांबते. ती लांब नसते; जवळ येऊन खाली बसते, मुलांच्या नजरेच्या उंचीवर. आधी पाहते: हातात टणक वस्तू आहे का, चावायला गेले आहे का, पायरीची कड जवळ आहे का. यातले काही असेल तर लगेच हात घालते. नसेल तर जे दिसते ते एका वाक्यात बोलते, ‘दोघांनाही बाहुली हवी आहे’, आणि गप्प राहते. आजूबाजूची मुले बोलू लागतात, कोणीतरी तोडगा सुचवते. हे करून पाहणाऱ्या शिक्षिकांची एकच चूक वारंवार होते: थांबणे म्हणजे तिथून निघून जाणे, असा अर्थ घेतला जातो. आणि रोज एकच मूल मार खात असेल तर थांबण्याचा प्रश्नच येत नाही, तिथे मोठ्या माणसानेच मध्ये पडायला हवे.

तिसरी गोष्ट मातीची. जपानी बालशाळांत मुले मातीचे चकचकीत गोळे करतात, आठवडा-आठवडा त्याच गोळ्यावर काम करतात. क्योतोच्या एका प्राध्यापकांनी, फुमिओ कायो यांनी, बालमानसशास्त्राच्या अंगाने या खेळाचा अभ्यास केला आहे. करायचे असे: खडे काढलेली ओली माती लिंबाएवढी घ्या, दाबून पाणी काढा, तळव्यात फिरवून गोल करा. त्यावर कोरडी माती भुरभुरवा आणि अंगठ्याने हलकेच चोळत जा. गोळा घट्ट झाला की अर्धा-पाऊण तास प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा; आतला ओलावा बाहेर येतो. पुन्हा कोरडी माती, पुन्हा चोळणे, पुन्हा पिशवी. शेवटी फडक्यातून गाळलेली अगदी बारीक धूळ लावून सुती कापडाने घासले की चकाकी येते. विदर्भ-मराठवाड्यात नुसती काळी माती घेतली तर गोळा वाळताना भेगाळतो, कारण ती माती ओली असताना फुगते आणि सुकताना आकसते. तिच्यात निम्मी बारीक वाळू मिसळावी. उन्हात वाळवायला ठेवू नये, बाहेरचा थर आधी सुकून तडकतो. नखे कापलेली हवीत आणि खेळ संपल्यावर साबणाने हात धुवायला हवेत. ज्या मुलाला ‘एका जागी बसत नाही’ म्हणून पालक चिंतेत असतात, ते मूल या गोळ्यापाशी किती वेळ रमते ते पाहावे. पुढे पेन्सिल धरायला लागणारा बोटांचा जोर आणि तोल यातूनच येतो, आणि खर्च शून्य.

आता मूल्यमापन, कारण तीन वर्षांच्या मुलांच्या ‘मुलाखती’ आणि चार वर्षांच्या मुलांच्या लेखी चाचण्या आपल्याकडे अजून चालतात. न्यूझीलंडने 1996 मध्ये आपला राष्ट्रीय बालशिक्षण आराखडा आणला, ‘ते फारिकी’ नावाचा, 2017 मध्ये तो सुधारला. माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, विचार त्याच्या पायाशी आहे. त्याच्या आधारे तिथल्या संशोधक मार्गारेट कार आणि शिक्षिकांनी मुलांच्या नोंदीची एक रीत बसवली: मुलाच्या शिकण्याची छोटी गोष्ट लिहायची. गुण नाहीत, श्रेणी नाही, ‘येते / येत नाही’च्या चौकटी नाहीत. एका पानात तीन भाग. मूल काय करत होते, ते चार-सहा वाक्यांत. त्यातून मला काय शिकणे दिसले. आणि आता पुढे त्याला मी काय देईन.

समजा, चार वर्षांची मुलगी लोट्याने अरुंद तोंडाच्या बाटलीत पाणी ओतते आहे. नेहमीची नोंद होते: ‘पाण्याशी खेळली. हुशार आहे. चंचल.’ यातून आईला काही कळत नाही आणि उद्या काय करायचे हे सेविकेलाही कळत नाही. तीच नोंद अशी लिहिता येते: ‘तीनदा ओतले, तिन्ही वेळा निम्मे सांडले. चौथ्यांदा लोटा जवळ आणला, तरी सांडले. मग ती उठली, वडाचे पान आणले, गुंडाळून बाटलीच्या तोंडात धरले. पान उलगडले. शेजारच्या मुलाला म्हणाली, तू धर. त्याने धरले, तिने ओतले, बाटली भरली.’ दुसरा भाग: ‘सांडण्याचे कारण तोंड अरुंद आहे हे तिने ओळखले, साधन शोधले, मदत मागितली.’ तिसरा: ‘उद्या वेगवेगळ्या तोंडांच्या तीन बाटल्या, एक नरसाळे आणि एक पोकळ बांबू ठेवीन.’ इथे पाहणे आणि आखणी एकाच पानावर होते.

वेळेचा हिशोबही बसतो. पंचवीस मुले, आठवड्याला दोन गोष्टी, प्रत्येकीला वीस मिनिटे. बारा-तेरा आठवड्यांत प्रत्येक मुलाची एक गोष्ट होते, वर्षाला तीन. चुका ठरलेल्या आहेत. बोलकी मुले पुन्हा पुन्हा लिहिली जातात आणि गप्प मुले राहून जातात, म्हणून भिंतीवर नावांची यादी हवी आणि लिहून झाले की खूण. दुसऱ्या मुलाशी तुलना येता कामा नये. छायाचित्र काढायचेच तर मुलाच्या हातांचे काढा. कॅमेऱ्याकडे पाहून हसणाऱ्या चेहऱ्यात शिकणे दिसत नाही. आणि ती गोष्ट सगळ्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका, ती त्या मुलाची आणि त्याच्या घरची आहे. आईला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, मूल शेजारी बसलेले असताना. आपल्या कामाविषयी कोणी इतके बारकाईने लिहिले आहे हे ऐकणाऱ्या मुलासाठीही ते वाचन तितकेच महत्त्वाचे असते.

न्यूझीलंडचाच आणखी एक धडा आपल्या आदिवासी भागासाठी आहे. माओरी भाषा बोलणारी पिढी म्हातारी झाली आणि मुले इंग्रजीच बोलू लागली, तेव्हा 1982 मध्ये वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाता इथे पहिले ‘कोहांगा रेओ’, म्हणजे ‘भाषेचे घरटे’, सुरू झाले. आजी-आजोबा मुलांबरोबर दिवसभर माओरीतच बोलत, गात, जेवत. पाहता पाहता अशी शेकडो केंद्रे उभी राहिली. मेळघाटातल्या अंगणवाडीत कोरकू बोलणारे मूल येते आणि पहिल्या दिवसापासून मराठी ऐकते. गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारात भिली आणि पावरी मुलांचे तेच. नव्या शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे, पण त्यासाठी पुस्तके छापून येण्याची वाट पाहावी लागत नाही. गावातली आजी आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास येऊन तिच्या भाषेत गोष्ट सांगू शकते. तिला प्रवासखर्च आणि मानधन मिळावे. फुकट बोलावले की दोन आठवड्यांनी येणे बंद होते, शेतीच्या दिवसांत तर लगेच.

‘बालशिक्षणात गुंतवलेला एक डॉलर सात डॉलर परत देतो’ यासारखी वाक्ये आपल्या भाषणांत आणि अहवालांत हल्ली सर्रास येतात. त्यांचा उगम अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, इप्सिलँटी गावच्या पेरी बालशाळेत आहे. 1962 ते 1967 या काळात 123 गरीब कृष्णवर्णीय मुलांवर झालेला तो प्रयोग. त्यात काय केले होते हे मात्र कोणी सांगत नाही. सकाळी अडीच तासांचा वर्ग, वीस-पंचवीस मुलांना चार शिक्षिका, आणि प्रत्येक शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन दीड तास आईबरोबर बसत असे. फायद्याचा आकडा उचलला आणि हा दीड तास वगळला, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

अंगणवाडीच्या दृष्टीने त्याहून जवळचा प्रयोग जमैकातला आहे. 1986-87 मध्ये किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतल्या, नऊ ते चोवीस महिने वयाच्या, वाढ खुंटलेल्या 129 मुलांचे गट पाडले. काहींना दूधपावडरीचा पूरक आहार, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभराची खेळभेट, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. भेट देणाऱ्या बाया वस्तीतल्याच साध्या आरोग्यसेविका होत्या. खेळणी प्लॅस्टिकच्या बाटल्या, चिंध्या, खोके यांची घरी केलेली. आठवडाभर ती घरी ठेवायची, पुढच्या भेटीत बदलायची. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा खेळभेट मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा 25 टक्क्यांनी जास्त होती. नुसता आहार मिळालेल्यांत असा टिकाऊ फरक दिसला नाही. याचा अर्थ आहार नको असा मुळीच नाही. गृहभेट आपल्याकडेही आहे, सेविकेच्या कामात ती लिहिलेलीच आहे. तिच्यात वजन, लसीकरण आणि टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटे असतात, खेळ नसतो.

तो घालायचा तर एक नियम काटेकोर पाळावा लागतो: खेळणे सेविकेने आईच्या हातात द्यायचे. सेविका स्वतः मुलाशी खेळली आणि आई कौतुकाने पाहत राहिली, तर सेविका उंबरठ्याबाहेर पडताच खेळ संपतो. आईने खेळावे, सेविकेने आईला दाद द्यावी, मग एक नवा खेळ दाखवावा. दोन खेळ पुरेत, चौथा सांगेपर्यंत पहिला विसरला जातो. वीस घरांना आठवड्याला तासभर देणे एका सेविकेला शक्य नाही, हे उघड आहे. त्यावर उत्तर ओडिशात झालेल्या अभ्यासात मिळते: आयांच्या छोट्या गटांबरोबर घेतलेल्या सत्रांचाही गृहभेटींइतकाच उपयोग दिसला, खर्च मात्र बराच कमी आला. चार-पाच आयांचा गट, एकीच्या ओसरीवर, मुले मांडीवर, असे पाच गट पाळीपाळीने घेतले तर आठवड्याला पाच तास लागतील. ते पाच तास मिळायचे तर रजिस्टरे आणि मोबाइलवरची माहिती भरण्याचे तास कमी करावे लागतील. दोन्ही एका माणसाच्या दिवसात बसत नाहीत, हे शासनाने मान्य करायला हवे.

पालकांना एक विनंती. परदेशी नाव लावलेल्या बालशाळेत चौकशीला जाल तेव्हा खेळण्यांचे कपाट शेवटी पाहा. आधी विचारा: वर्गात मुले किती आणि प्रशिक्षित शिक्षिका किती? गेल्या वर्षी यातल्या किती शिक्षिका सोडून गेल्या? आखणीसाठी त्यांना पगारी वेळ मिळतो का? माझ्या मुलाविषयी तुम्ही काय लिहून ठेवाल, त्याचा एक नमुना दाखवता का? मुले रोज उघड्यावर किती वेळ असतात? उत्तर आकड्यात मिळाले नाही तर ते मिळाले नाही असे समजा.

आणि दौरे आखणाऱ्यांना एक मागणी. पथकात किमान दोन अंगणवाडी सेविका आणि एक मुख्यसेविका असाव्यात, त्यांच्यासाठी मराठी जाणणारा दुभाषा असावा. पाच शहरांतल्या दहा शाळा तासतासभर पाहण्यापेक्षा एकाच वर्गात सलग तीन दिवस बसावे, दार उघडण्याआधीपासून शेवटचे मूल घरी जाईपर्यंत. मुले झोपलेली असताना शिक्षिका काय करते, एखादी आजारी पडली तर तिच्या जागी कोण येते, रडणाऱ्या मुलाला कोण घेते आणि तेवढा वेळ बाकीच्यांकडे कोण पाहते, हे लिहून आणावे. अहवालात छायाचित्रांच्या आधी हे पान असावे, आणि तो अहवाल मराठीत प्रत्येक प्रकल्प कार्यालयात सेविकांना वाचायला मिळावा.

आपले,
पूर्वप्राथमिक शिक्षिका व अंगणवाडी सेविका प्रशिक्षणातील कार्यकर्ते,
नाशिक